तिसऱ्या जन्माचा दांत

संस्कृत भाषेंत 'द्विज' हा शब्द मुख्यतः तीन अर्थांनीं येतो. उपनयनसंस्कारानें ज्याचा दुसरा जन्म झाला तो द्विज. आधीं अंडें व मग पिलूं असा दोनदां जन्म घेणारा पक्षी द्विज. आणि ज्याचा पहिला अंकुर बालपणीं गळून त्याच जागीं दुसरा उगवतो तो दांतही द्विजच. शाळेंत हा शब्द शिकवितांना दांतावर येतांच मुलें हंसत, व ज्यांचे पुढचे दांत नुकतेच पडले असत तीं तोंडावर हात धरीत. कोशकारांनीं दांतास दोन जन्म दिले आणि ते तेथेंच थांबले, कारण निसर्गही तेथेंच थांबला आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाचे वीस दांत पडूं लागतात, बारा-तेराव्या वर्षापर्यंत त्यांच्या जागीं पक्के दांत येतात, आणि पुढें अक्कलदाढा धरून त्यांची संख्या बत्तीस होते. यांतील एक गेला म्हणजे तो कायमचा गेला. तिसरा अंकुर मनुष्यास नाहीं.

गेल्या साठ वर्षांत मात्र हा तिसरा जन्म मनुष्यानें आपल्या हातीं घेतला आहे. जबड्याच्या हाडांत टायटेनियम धातूचें मूळ बसवून त्यावर दांत चढवितात. यास दंतरोपण, आणि दवाखान्याच्या भाषेंत इम्प्लांट, असें म्हणतात. शब्द आतां घरोघरीं पोंचला आहे. पण त्यामागील विचार तितकासा पोंचलेला नाहीं, असें आम्हांस येणाऱ्या पत्रांवरून दिसतें. या महिन्यांत त्याविषयीं लिहावयास असेंच एक पत्र निमित्त झालें आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील मधल्या सून आहेत. त्यांच्या सासूबाईंचें वय ६४ वर्षें. गेल्या पंधरा वर्षांत सासूबाईंचे सात दांत गेले: खालीं उजवीकडे मागची उपदाढ व तिच्यापुढील दोन्ही दाढा, खालीं डावीकडे पहिली दाढ, वर डावीकडे एक उपदाढ व एक दाढ, आणि दोन वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून वरचा समोरचा एक दांत. अक्कलदाढा पूर्वींच काढलेल्या. भाकरी त्या आतां दुधांत कुसकरून खातात, पेरूचें नांव त्यांनीं सोडलें आहे, पंगतीस बसावयाचें टाळतात. आणि ज्या भगिनीमंडळांत वीस वर्षें त्या गीतेचे अध्याय म्हणत आल्या, तेथें जाणें समोरचा दांत गेल्यापासून त्यांनीं बंद केलें आहे. घरच्यांनीं तीन दंतवैद्यांस दाखविलें. एकानें सात इम्प्लांट सांगितले, दुसऱ्यानें पांच, तिसऱ्यानें काढघाल करावयाची कवळी. वडील दीर म्हणतात, खर्चाकडे पाहूं नका, सातच्या सात बसवा. धाकटे दीर म्हणतात, या वयांत एवढा खटाटोप कशाला? आणि खुद्द सासूबाई म्हणतात, "मला काय आतां मिरवायचें आहे? तो पैसा नातवंडांच्या शिक्षणाला लावा." पत्राच्या शेवटीं बाईंनीं विचारलें आहे, "तिघे तीन गोष्टी सांगतात. यांत खरें कोणाचें मानावें?"

आम्ही वैद्य नव्हे. या विषयावरील ग्रंथ वाचून व जाणत्यांस विचारून जें समजलें तेंच येथें मांडीत आहों. निर्णय रोग्याचें तोंड प्रत्यक्ष तपासणाऱ्यानेंच करावयाचा असतो. तरीपण पत्रांतील प्रश्नास एक उत्तर देतां येतें: तिघांचेंही खरें असूं शकेल. गेलेले दांत किती हें मोजल्यानें मुळें किती हें ठरत नाहीं. तें ठरतें हाडावरून, जागेवरून, उरलेल्या दांतांवरून, शरीराच्या प्रकृतीवरून, आणि सर्वांत शेवटीं, किंबहुना सर्वांत आधीं, त्या माणसास काय हवें आहे यावरून. यंत्र हातीं घेण्यापूर्वीं जी आखणी होते तीच या कामाची खरी कसोटी होय.

या विद्येची उत्पत्ति मोठी मनोरंजक आहे. १९५२ सालीं स्वीडन देशांतील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नांवाचे संशोधक सशाच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं त्यांनीं हाडांत टायटेनियमची एक बारीक नळकांडी बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढूं गेले तों निघेना. हाड व धातु हीं एकजीव झालीं होतीं. दुसरा कोणी त्या नळकांडीच्या खर्चाबद्दल हळहळला असता. ब्रोनेमार्क यांनीं त्या न निघण्याचाच अभ्यास आरंभिला. १९६५ सालीं गोटेनबर्ग येथें योस्टा लार्सन नांवाच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यांत त्यांनीं अशीं मुळें प्रथम बसविलीं. लार्सन २००६ सालीं वारले, तोंपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तीं मुळें त्यांच्या कामीं आलीं. असें असूनही वैद्यजगतानें या शोधास मान डोलावली ती १९८२ सालच्या टोरांटो येथील परिषदेनंतरच. नव्या गोष्टीनें घाई करूं नये, हा धडा त्या शोधाच्या इतिहासांतच आहे.

आतां तोंडाकडे वळूं. दांत पडला म्हणजे केवळ एक फट पडली असें आपण समजतों. वास्तविक दांताचें मूळ हें जबड्याच्या हाडाचें पोषण करणारें कामकरी असतें. चावण्याचा दाब मुळावाटे हाडास मिळतो व त्यामुळें तें हाड टिकतें. मूळ गेलें म्हणजे हाड बेकार होतें आणि झिजूं लागतें. सर्वांत अधिक झीज पहिल्या वर्षांतच होते; दाढांच्या जागीं हाडाची रुंदी त्या एका वर्षांत निम्म्यापर्यंतही उतरते. इकडे शेजारचे दांत मोकळ्या जागेकडे कलतात. समोरच्या जबड्यांतील दांतास टेकावयास कोणी न उरल्यामुळें तोही हळूहळू पुढें सरकतो. एकत्र कुटुंबांतील एक माणूस गेला असतां ज्याप्रमाणें सर्वांच्याच बसण्या-उठण्याच्या जागा बदलतात, तसाच हा प्रकार आहे. यास्तव पंधरा वर्षांपूर्वीं गेलेल्या दाढेची जागा आणि दोन वर्षांपूर्वीं गेलेल्या दांताची जागा या दोन अगदीं निराळ्या गोष्टी ठरतात, आणि त्यांस एकच उपाय लागू पडेल असें गृहीत धरतां येत नाहीं.

उलट्या कारभारास आपण 'आधीं कळस मग पाया' असें म्हणून हंसतों. दंतरोपणांत मात्र हाच सुलटा क्रम होय. प्रथम पूर्ण झालेले दांत कसे दिसावेत, कोणत्या दांताशीं कसे जुळावेत, हें ठरवावयाचें. त्यासाठीं दोन्ही जबड्यांचें माप घेतात, त्याचे साचे करतात, व त्यांवर मेणाचे, अथवा हल्लीं संगणकाच्या पडद्यावर, दांत मांडून पाहतात. मग त्या दांताच्या बरोबर खालीं मूळ कोठें यावें, किती तिरकें यावें, हें पाहतात. आणि त्यानंतर त्या ठिकाणीं हाड पुरेसें आहे कीं नाहीं याचा तपास करतात. साध्या एक्स-रेंत उंची दिसते, रुंदी दिसत नाहीं. म्हणून जबड्याचें तिन्ही बाजूंनीं दर्शन देणारें स्कॅन, ज्यास सीबीसीटी म्हणतात, तें अशा कामीं काढतात. हाड जेथें भरपूर आहे तेथें मूळ ठोकून दिलें आणि मग त्यावर दांत कसा बसवावा याची विवंचना केली, तर दांत वांकडा तरी बसतो, नाहींतर त्याच्या खालीं ब्रश पोंचत नाहीं. स्कॅन व मेणाचे दांत यांचा मेळ घालून कित्येक ठिकाणीं एक पट्टी तयार करतात. तीस भोंकें असतात व ती तोंडांत बसवून त्या भोंकांतूनच हाडास छिद्र पाडतात. आखणी कागदावरून जबड्यावर जशीच्या तशी उतरविण्याचें तें साधन आहे.

यापुढें थोडें अंकगणित आहे. तें कोणासही जमण्याजोगें आहे. नेहमींच्या वापरांतील मूळ सुमारें ४ मिलीमीटर जाड व ८ ते १३ मिलीमीटर लांब असतें. तें व शेजारचा नैसर्गिक दांत यांत निदान दीड मिलीमीटर हाड राहिलें पाहिजे. दोन मुळांमध्यें ३ मिलीमीटर हाड लागतें. कमी राहिल्यास मधलें हाड झिजून हिरडी खालीं उतरते. म्हणजे दोन दांतांमधील फटींत एक मूळ बसवावयाचें तर दीड, चार व दीड मिळून ७ मिलीमीटर जागा हवी. दोन बसवावयाचीं तर दीड, चार, तीन, चार व दीड मिळून १४ मिलीमीटर. बाहेरच्या व आंतल्या अंगासही मिलीमीटर-दीड मिलीमीटर हाडाची भिंत उरली पाहिजे, म्हणून हाडाची रुंदी ६ ते ७ मिलीमीटर हवी. खालच्या जबड्यांतून ओठास व हनुवटीस संवेदना पुरविणारी एक नस जाते. तिच्यापासून २ मिलीमीटर अंतर राखावें असा नियम आहे. तो मोडला तर खालचा ओठ बधिर होऊन बसतो, व ती बधिरता कधीं कधीं जन्मभर राहते. शेवटीं उंची: हाडाच्या कडेपासून समोरच्या दांतापर्यंत सुमारें ८ मिलीमीटर मोकळी जागा नसेल तर वरची टोपी बसावयास वाव राहत नाहीं.

हें गणित घेऊन आतां पत्रांतील एकेक जागा पाहूं.

खालीं उजवीकडे ओळींतले शेवटचे तीन दांत गेले आहेत. त्यांच्या मागें दांत नाहीं, म्हणून दोन दांतांस धरून मधला दांत टांगणारा जो ब्रिज, तो येथें नेहमींच्या रीतीनें करतां येत नाहीं. एकतर कवळी, नाहींतर रोपण. येथें तीन दांतांसाठीं तीन मुळें हवींतच असें नाहीं. पुढें एक व मागें एक अशीं दोन मुळें बसवून त्यांवर तीन दांतांचा ब्रिज चढवितां येतो. किंवा सर्वांत मागची दाढ सोडून देऊन पुढचेच दोन दांत बसवितां येतात. पुष्कळ वृद्धांचें चावणें पहिल्या दाढेपर्यंत उत्तम चालतें. मात्र ही जागा पंधरा वर्षें रिकामी आहे. तेव्हां वरची दाढ खालीं उतरली असण्याचा संभव फार. भिंत बांधावयाची, पण वरचें छतच खालीं आलेलें, असा प्रकार. अशा वेळीं आधीं वरच्या दाढेची व्यवस्था करावी लागते: थोडी घासून टोपी घालणें, किंवा तारेनें वर सरकविणें. हा खर्च व वेळ अंदाजपत्रकांत धरला आहे काय, हें विचारलें पाहिजे.

खालीं डावीकडे एकच दाढ गेली असून दोन्ही बाजूंस दांत आहेत. येथें शेजारच्या दांतांस विचारावें. ते धडधाकट असतील, तर ब्रिजसाठीं त्यांस घासून लहान करणें म्हणजे एकाचें घर उभारण्यास दोघांचीं घरें पाडणें. तेथें एक मूळ बसविणें बरें. पण त्या दोघांवर पूर्वींच रूट कॅनाल होऊन टोप्या चढल्या असतील, तर ब्रिज हाही शहाणपणाचा मार्ग ठरतो, व एक शस्त्रक्रिया वांचते. पत्रांत एका दांतावर टोपी आहे असें लिहिलें आहे, दुसऱ्याविषयीं कांहीं नाहीं. दुसऱ्या दंतवैद्यांनीं सातांचे पांच केले, त्यांतील एक दांत बहुधा येथें व एक उजवीकडे कमी झाला असावा.

वर डावीकडे एक उपदाढ व एक दाढ गेली आहे. अशा जागेची लांबी साधारणतः १६-१७ मिलीमीटर असते, म्हणजे दोन मुळें गणितानें बसतात. पण मागची दाढ पुढें कलून फट १२ वर आली असेल तर बसत नाहींत. येथील खरी अडचण उंचीची आहे. वरच्या दाढांच्या माथ्यावर गालाच्या हाडांत हवेची एक पोकळी असते, तीस सायनस म्हणतात. दाढ गेली म्हणजे हाड खालून झिजतें आणि वरून ती पोकळी खालीं उतरते. मध्यें कधीं कधीं चार-पांच मिलीमीटरच हाड शिल्लक राहतें. तेवढ्यांत नेहमींचें मूळ मावत नाहीं. मग सायनसचा पडदा उचलून त्याखालीं हाडाची भुकटी भरतात व नवें हाड तयार होण्याची पुष्कळ महिने वाट पाहतात. अथवा आंखूड मुळें वापरतात. कवळी सांगणाऱ्या तिसऱ्या दंतवैद्यांच्या डोळ्यांपुढें हीच जागा असावी, असा आमचा तर्क आहे.

समोरचा दांत सर्वांत लहान काम वाटतें, पण तें सर्वांत नाजूक. येथील बाहेरची हाडाची भिंत कागदासारखी पातळ असते व दांत गेल्यावर लौकर विरते. हंसतांना हिरडी दिसणारा माणूस असेल तर दांताची लांबी मिलीमीटरभर चुकली तरी तें डोळ्यांत भरतें. येथें हाडाची भर घालून मूळ बसवावें, कीं शेजारच्या दांतास आंतून चिकटविलेला दांत लावावा, हें स्कॅन व ओठांची ठेवण पाहून ठरवितात.

परंतु या सर्व जागांहून महत्त्वाची गोष्ट बाईंनीं पत्राच्या तळटीपेंत, सहज म्हणून लिहिली आहे. सासूबाईंस दहा वर्षांचा मधुमेह आहे, आणि हाडें ठिसूळ झाल्यामुळें गेलीं पांच वर्षें त्या आठवड्यांतून एकदां उपाशीपोटीं घ्यावयाची एक गोळी घेतात. तिघांपैकीं एकाही दंतवैद्यास ही गोळी सांगितल्याचा उल्लेख पत्रांत नाहीं. ही बाब आम्हांस सातांच्या व पांचांच्या वादाहून शतपट मोठी वाटते. हाडांची झीज थांबविणाऱ्या या वर्गांतील औषधांमुळें, ज्यांत ॲलेंड्रोनेट ही नेहमींची गोळी येते, जबड्यावरील शस्त्रक्रियेनंतर क्वचित् हाड भरून येत नाहीं व उघडें पडून कुजतें. गोळीच्या रूपानें घेणाऱ्यांत हें फार थोड्यांस होतें. पण औषध चार वर्षांहून अधिक काळ चाललें असल्यास धोका वाढतो, आणि वर्षास अथवा सहामहिन्यांस इंजेक्शन घेणाऱ्यांनीं तर हें सांगितलेंच पाहिजे. गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. मोडलेल्या खुब्याचें दुःख पडलेल्या दांताहून मोठें आहे. गोळी देणारे वैद्य व दांत बसविणारे वैद्य या दोघांनीं एकमेकांशीं बोलून ठरवावें. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयींही हेंच धोरण.

मधुमेहानें रोपण निषिद्ध होत नाहीं. मधुमेह आटोक्यांत नसेल तर जखम भरत नाहीं व हाड धातूस नीट धरत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नांवाची चांचणी आधीं करावी. ती सातांच्या आसपास असेल तर निश्चिंतपणें, व आठांच्या वर असेल तर आधीं साखर उतरवून मग, असा सामान्य व्यवहार आहे. हिरड्यांतून रक्त येत असेल, उरलेल्या दांतांस कीड असेल, तर तें प्रथम निस्तरावें. तंबाखू, मशेरी व विडी हीं या कामाचीं उघड शत्रु आहेत. घरांतील पुरुषमंडळींनींही हें वाक्य वाचून पुढें जावें. वय मात्र आड येत नाहीं. धाकट्या दिरांस आम्ही आदरपूर्वक सांगतों कीं, साठीच्या पुढें इम्प्लांट टिकत नाहीं ही समजूत निराधार आहे. अडचण असते ती उलट टोंकास: जबड्याची वाढ पुरी न झालेल्या मुलामुलींस हें काम करीत नाहींत, कारण शेजारचे दांत वाढीबरोबर सरकतात व धातूचें मूळ आपली जागा सोडीत नाहीं.

काळाविषयीं दोन शब्द. खालच्या जबड्यांत मूळ हाडाशीं एकजीव होण्यास साधारण दोन ते तीन महिने, वरच्यांत तीन ते सहा महिने लागतात. सायनसचें काम केल्यास त्याहून अधिक. सर्व मिळून वर्ष लागलें तर नवल मानूं नये. घरांत कार्य निघालें म्हणून लगीनघाई करूं नये. कार्यापुरता समोरचा तात्पुरता दांत लावून घ्यावा.

खर्च एकेका मुळास व टोपीस मिळून हजारों रुपये येतो, व तो गांवागांवांत भिन्न असल्यामुळें येथें आंकडा देण्यांत अर्थ नाहीं. शासकीय व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत, उदाहरणार्थ मुंबई व नागपूर येथील शासकीय महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयांत, खासगीपेक्षां कमी खर्चांत विचारपूस करतां येते. तेथें फेऱ्या मात्र अधिक होतात. सर्व काम एकदमच केलें पाहिजे असेंही नाहीं. आखणी पूर्ण तोंडाची एकदांच करावी, आणि काम ऐपतीप्रमाणें टप्प्याटप्प्यानें करावें. हा विवेक पाळला तर एका वर्षीं उजवी बाजू व पुढल्या वर्षीं डावी, असेंही चालतें. आखणीच न करतां एकेक दांत बसवीत गेल्यास मात्र चौथा दांत पहिल्याशीं भांडूं लागतो.

कवळीसही कमी लेखूं नये. चांगली बसलेली कवळी ही वाईट आखलेल्या सात मुळांहून केव्हांही बरी. ज्यांचे खालचे सर्वच दांत गेले आहेत त्यांच्यासाठीं पुढच्या बाजूस दोन मुळें बसवून त्यांवर कवळी अडकविण्याची एक मधली वाटही आहे. तिनें खालची कवळी तोंडांत नाचत नाहीं. ज्यांच्या घरीं अशी माणसें आहेत त्यांनीं हिची चौकशी अवश्य करावी.

आणि नवा दांत आला म्हणजे काम संपलें असें नव्हे. धातूस कीड लागत नाहीं, पण त्याच्या सभोंवतीं हिरडी सुजते व हाड झडतें. नैसर्गिक दांत व हाड यांच्यामध्यें तंतूंची एक बारीक गादी असते. खडा लागला तर ती तत्काळ कळविते. रोपित दांतास ती नसल्यामुळें त्यावर किती जोर पडतो हें कळत नाहीं. म्हणून सुपारी फोडावयास तो वापरूं नये. रात्रीं दांत खाण्याची संवय असल्यास आधींच सांगावी. दांतांमधील बारीक ब्रशानें रोज साफसफाई व दर सहा महिन्यांनीं तपासणी, हें व्रत जन्माचें आहे. तें पाळल्यास दहा वर्षांनंतरही शंभरांतील नव्वदांहून अधिक मुळें जागेवर असतात, असा अनुभव नमूद झालेला आहे. बसविलेल्या मुळाची कंपनी, जाडी व लांबी लिहिलेलें कार्ड मागून घ्यावें व घराच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावें. प्रत्येक कंपनीची घडण निराळी असते. पंधरा वर्षांनीं दुसऱ्या गांवच्या दंतवैद्यास तें कार्डच वाट दाखवील.

तात्पर्य, बाईंनीं पुन्हां दंतवैद्यांकडे जातांना 'किती बसवूं?' हा प्रश्न मागें ठेवावा व पुढील प्रश्न आधीं विचारावेत. एक: उरलेले दांत व हिरड्या किती वर्षें टिकतील असें आपणांस वाटतें? दोन: मेणाचे किंवा पडद्यावरचे पूर्ण झालेले दांत आम्हांस दाखवाल काय? तीन: स्कॅनमध्यें प्रत्येक जागीं हाड किती रुंद व किती उंच निघालें? चार: मधुमेह व हाडाची गोळी यांविषयीं आमच्या वैद्यांशीं आपण बोललां काय? पांच: एखादें मूळ धरलें नाहीं तर पुढें काय? जो दंतवैद्य या पांचांस शांतपणें उत्तर देईल, त्याचा आंकडा सात असो कीं चार, विश्वासास पात्र आहे.

उरला सासूबाईंचा प्रश्न: "मला काय आतां मिरवायचें आहे?" आमच्या घरांत आई सर्वांच्या मागून जेवते, उरलेलें जेवते, आणि दांत गेले म्हणजे मऊ तेवढें जेवते, व याचा कोणासच अचंबा वाटत नाहीं. ६४ वर्षांच्या माणसापुढें आणखी वीस वर्षें असूं शकतात. वीस वर्षें कुसकरलेलें खाणें, पंगत चुकविणें आणि मुखोद्गत अध्याय मनांतल्या मनांत म्हणणें, यास मिरवणें न मिरवणें असें नांव देतां येत नाहीं. शिक्षेच्या वर्गास ज्याप्रमाणें पैसा लागतो त्याप्रमाणें आजीच्या घासासही लागतो, हें नातवंडांस कळणें हेंही एक शिक्षणच आहे.

तथापि त्यांचे तिन्ही मुलगे मिळून हा निकाल लावूं लागतील तर तेंही आम्हांस मान्य नाहीं. तोंड ज्याचें त्यास प्रथम विचारावें. आमच्या पत्रलेखिका भगिनींस आमची एवढीच सूचना आहे: एखाद्या दुपारीं घरांत गडबड नसतांना सासूबाईंजवळ बसावें, आणि 'तुम्हांला करायचें का?' असें न विचारतां 'तुम्हांला आधीं काय जमायला हवें, भाकरी कीं गीता?' असें विचारावें. 'भाकरी' म्हणाल्या तर उजव्या बाजूच्या दाढांपासून आरंभ करावा. 'गीता' म्हणाल्या तर समोरच्या दांतापासून. कारण आमच्या वर्णमालेंतला सबंध त-वर्ग, ल आणि स हे दंत्य वर्ण होत, व जिभेस टेकावयास जागा नसेल तर श्लोकाची धार बोथट होते. त्या काय म्हणाल्या तें आम्हांस अवश्य कळवावें.